रांजणाचे रंग आणि डावा कान

माणसाचा फोटो कापताना सगळ्यात जास्त वेळ कानाला लागतो. कापायचा म्हणजे संगणकावर. ग्राहक मोबाइलवर फोटो पाठवतो, त्यात त्याच्या मागे भिंत असते, मोटारसायकल असते, कुणाचा तरी अर्धा खांदा असतो. ते सगळं काढून नुसता माणूस उरवायचा. मग त्याला फ्लेक्सवर कुठेही उभा करता येतो, नेत्याच्या शेजारी, ढगांत, गर्जणाऱ्या सिंहाच्या पुढे. केस थोडे धूसर राहिले तरी चालतात. कान चालत नाहीत. कानाची कड जरा आत गेली की माणूस दुसराच दिसायला लागतो आणि घरचे म्हणतात, "फोटो आमचाच हाय, पण काईतरी हुकलं." म्हणून मी कान हळू कापते. वाशिमच्या फ्लेक्सच्या दुकानात काही वर्षं काढल्यावर मला रस्त्यात माणसांची नावं आठवत नाहीत, कान आठवतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते एका कानामुळे झालं.

मी बोलायला कमी. शाळा इंग्रजी माध्यमाची. आमच्याकडे अशा प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. आमच्या दुकानाचे मालक गजूभाऊ यांनी पहिल्याच दिवशी माझं नावही तेच ठेवलं. "कॉन्व्हेंट, साहेबांचा फोटो मोठा कर." "कॉन्व्हेंट, 'हार्दिक'मधला रफार खाल्ला का?" पहिले काही महिने माझं मराठी ग्राहकांनीच तपासलं. त्यासाठी दुकानात दुसरी स्क्रीन आहे, काउंटरकडे तोंड केलेली. मी इकडे जे करते ते ग्राहकाला तिकडे दिसतं. मला ही सोय फार आवडते. बोलावं लागत नाही, स्क्रीनवर दाखवलं की झालं.

गजूभाऊ आधी दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवायचे. मशीन आली आणि ब्रश गेला, पण अक्षराकडे पाहायची नजर राहिली. त्यांचा एकच सिद्धांत आहे. "फोटो नसला तं फ्लेक्स कोणी पाहात नाही. लोकं वाचत नाहीत व, तोंडं पाह्यतात." या सिद्धांतावर आमचं दुकान चालतं. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग लावावी लागते, आणि कुणाचा फोटो कुणापेक्षा नखभर मोठा झाला यावरून दोन चुलतभाऊ माझ्यासमोर एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले आहेत. एकाने बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून नेला. बैलाचे शुभेच्छुक वेगळे. त्यात बैलाचे कान कापायला मला अर्धी दुपार गेली, कारण तो फोटो काढताना कान हलवत होता.

श्रद्धांजलीचे फ्लेक्स मात्र भांडणाशिवाय होतात. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आत चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. फोटो, फोटोला हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली', गेल्याची तारीख, खाली शोकाकुल परिवार. हार खरा नसतो, झेंडूच्या हाराचं एक तयार चित्र आमच्याकडे आहे, ते फोटोवर वेगळ्या थरात ठेवायचं. जिल्ह्यातली कितीतरी माणसं त्या एकाच हारात गेली आहेत.

माझा पहिला श्रद्धांजलीचा फ्लेक्स एका तरुण मुलाचा होता. केनवडच्या पुढच्या एका गावाचा. गावाचं आणि मुलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचा मोठा भाऊ आला होता, तिशीतला, पांढरा शर्ट, दाढी वाढलेली. धाकटा सुरतेला कामाला होता, तिथेच अपघातात गेला, तिथेच अग्नी दिला, असं त्याने गजूभाऊंना सांगितलं. फोटोत मुलगा वीस-बावीसचा, कोवळी मिशी. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खाच होती, उंदराने पापड कुरतडावा तशी. मला वाटलं फोटोतला दोष असेल, म्हणून मी ती भरायला घेतली. भाऊ काउंटरपलीकडून स्क्रीनवर बघत होता.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "त्याचा कान तसाच हाय." मग थांबून म्हणाला, "होता."

लोक साधारणपणे चार-पाच प्रती नेतात, गावात, फाट्यावर, बसस्टँडवर लावायला. याने एकच मागितली. मी हार ठेवला तसा तो उठला, बाहेर गेला आणि मोटारसायकलला टेकून उभा राहिला. परत आत आलाच नाही. गुंडाळलेला फ्लेक्स गजूभाऊंनी बाहेर नेऊन दिला. "सख्खा भाऊ हाय बाप्पा," ते म्हणाले, "पाहावत नसन." मीही तेच समजले.

यानंतर दोन पोळे गेले. पोळा लक्षात आहे कारण तो फ्लेक्स पोळ्याच्या आधी झाला होता आणि आम्ही बैलांच्या कामात बुडालो होतो.

मग एका सकाळी खिल्लारे मॅडम आल्या. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. निवृत्तीनंतर त्यांनी बसस्टँडजवळ एक पाणपोई सुरू केली होती. पाणी प्यायला येणारे लोक बसून बोलायला लागले, कुणाला दवाखान्यात एकटं जायची भीती, कुणाला कागद भरता येत नाही, आणि त्यातून एक छोटी संस्था झाली. तिचं बोधचिन्ह म्हणजे एक रांजण आणि त्यावर ओगराळं. ते गजूभाऊंनीच मागे कधीतरी हाताने काढून दिलं होतं. हे मला सांगताना गजूभाऊंची मान ताठ झाली.

"गजूभाऊ, रांजण रंगवायचाय," मॅडम म्हणाल्या.

"कोणता रंग?"

"सगळे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही पुरुषांना पुरुषच आवडतात, काही बायकांना बाया. काहींना जन्मल्यावर लोकांनी मुलगा म्हटलं, पण त्या आतून बाईच असतात, आणि उलटंही असतं, त्यांना ट्रान्स म्हणतात. ही माणसं मोठ्या शहरात असतात तशी वाशिम, रिसोड, मालेगावातही असतात, आणि त्यांतली बरीच पाणपोईवर येतात, कारण तिथे कुणी काही विचारत नाही. जगभरात जून महिन्यात अशा लोकांच्या अभिमानाचा सोहळा असतो आणि तेव्हा संस्था आपलं बोधचिन्ह इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांत रंगवतात. मॅडमना तशी रूपं हवी होती. एक सगळ्यांचं, एक ट्रान्स लोकांचं, आणि अजून काय काय लागेल ते. केनवडच्या बाजारात संस्था पहिल्यांदा स्टॉल लावणार होती, तिथे ती वापरायची होती.

गजूभाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हंजे टाळ्या वाजवते ते?"

त्यांच्या मते हळूच. मॅडमच्या मागे उभी असलेली मुलगी लगेच म्हणाली, "मले टाळी वाजवता येत नाही भाऊ. शिकवा तुमी."

गजूभाऊंनी मशीनकडे जाऊन उगाच शाईची टाकी तपासली.

मुलीचं नाव रोहिणी. संस्थेत दवाखान्याची सोबत ती करायची, म्हणजे घाबरलेल्या माणसाबरोबर रांगेत उभं राहायचं. फिका पिवळा ड्रेस, केस मोकळे, खांद्यापर्यंत. "ही तुमच्याजवळ बसेल," मॅडम मला म्हणाल्या. "हिला रंगांतलं कळतं. मला फक्त निळा कळतो." रोहिणीने स्टूल ओढलं, स्क्रीनकडे वाकली आणि केस डोळ्यांवर आले म्हणून कानामागे सारले.

डाव्या कानाच्या वरच्या कडेला खाच होती.

माझा हात माउसवरून खाली पडला. खरंच पडला, टेबलाला लागून आवाज झाला. मी एखादा कान कापला की तो विसरत नाही, आणि हा तर मी भरायला घेतला होता. मिशी नव्हती, भुवया बारीक होत्या, ओठांना रंग होता. पण तो कान मी स्वतःच्या हाताने मेलेल्या माणसाच्या डोक्याला ठेवला होता आणि वर हार घातला होता.

"काय झालं ताई?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "लाल कुठला घेऊ?"

त्या दिवशी मी एवढंच बोलले. मी रांजणात लाल भरला.

रंगांची गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. कागदावर इंद्रधनुष्य सोपं आहे. आमच्या दुकानात प्रत्येक रंगाला मालक आहे. निळ्याच्या कामाला निळंच लागतं, भगव्याला भगवंच, हिरव्याचं हिरवं, पिवळ्याचं पिवळं, आणि कुणाच्या फ्लेक्सवर चुकून दुसऱ्याची पट्टी आली तर फोन येतात. सहा पट्टे एकावर एक म्हटल्यावर गजूभाऊंचा पहिला प्रश्न होता, "वरती कोन?"

"लाल," रोहिणी म्हणाली. "ठरलेलंच हाय ते."

गजूभाऊंनी विचार केला. "लाल चालते. लाल एसटीचा. एसटी समद्याइची."

पहिला नमुना छापला तर जांभळा आणि निळा एकच झाले, कारण आमच्या मशीनला जांभळ्याचं वाकडं आहे, आणि पट्टे पाचच दिसायला लागले. शिरपूरचे एक गृहस्थ लग्नपत्रिकेसाठी आले होते, त्यांनी विचारलं, "कोणत्या महाराजांचा कार्यक्रम हाय?" त्यांना त्यात जैन ध्वज दिसला. मॅडम संध्याकाळी आल्या आणि त्यांना बौद्धांचा पंचशील ध्वज दिसला. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हा आपला झाला. मला सगळ्यांचा पाहिजे." मग आम्ही पट्टे सोडले आणि पाणी रंगवलं. रांजण मातीचाच ठेवला, ओगराळ्यातून पडणारी धार सहा रंगांची केली. धार वळते, म्हणून वर कोण आणि खाली कोण हा प्रश्नच राहत नाही. रबरी शिक्क्यासाठी एक रंगाविना रूप केलं, त्यात रंगांच्या जागी सहा वेगवेगळ्या रेघा.

एक रूप रोहिणीने सुचवलं. "ज्याले घरी सांगता येत नाही, त्याच्यासाठी बी एक पाह्यजे ताई. त्याच्या खिशात सापडलं तरी कोणाले कळू नाही." मी रांजण बाहेरून साधा ठेवला आणि तोंडाच्या कडेशी, आत, रंगांची एक बारीक किनार दिली. नीट बघितलं तरच दिसते. तिने बराच वेळ बघितलं. मला तो माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात चांगला तुकडा वाटतो. तो कुठेही ठळक लावायचा नसतो, हे त्याच्या कामातच आहे.

ट्रान्स लोकांचं रूप राहिलं. त्यांचे रंग आकाशी, गुलाबी, पांढरा. ते छापून आल्यावर गजूभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे तं बारशाचं बॅनर दिसून राह्यलं. पाळणा टाकू काय?" त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडे हे रंग फक्त बारशाला लागतात. रोहिणी हसली नाही, चिडलीही नाही.

ती रोज यायची. मी काही विचारत नव्हते. तिलाच माझं न बोलणं बरं वाटत असावं, कारण ती आपणहून बोलायला लागली.

"केनवडचा बाजार माह्या ओळखीचा हाय," एकदा ती म्हणाली. "माय तिथं बसते. वांगे, मेथी, सांबार." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि आमच्याकडे बायाही 'येतो, जातो'च म्हणतात. "आमच्या मळ्यातला सांबार लोकं वास घेऊन ओळखते."

"मग... भेट होते?" मी विचारलं.

"घर सोडल्यापासून नाही. दादाले फोनवर समदं सांगतलं मी, मी कोन हाओ ते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणे, गावात सांगतो तू सुरतले कामाले गेला. मी म्हतलं, चालते. तेवढं तं तेवढं." तिने धारेतला हिरवा बोटाने दाखवला, थोडा उजळ हवा होता. "स्टॉल लागला का मी तोंडाले स्कार्फ बांधून बसतो. लांबून मायले पाह्यतो. बस्स."

माझ्या कानांत मशीनचा आवाज भरला. हिला माहीत नव्हतं. हिला वाटत होतं की गावासाठी ती सुरतेला आहे. आणि बाजारात बसणारी ती बाई? तिला काय सांगितलं असेल? फ्लेक्सवर शोकाकुल म्हणून पहिलं नाव आईचं होतं. ते मीच टाइप केलं होतं.

बाजार दोन दिवसांवर आला होता. स्कार्फ वाऱ्याने सरकला, रोहिणीने पाणी देताना मान वाकवली, आणि पलीकडून एका आईने आपलं मेलेलं पोर उभं पाहिलं, तर? मी घरी जेवले नाही. वडिलांना वाटलं, दुकानात कुणी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ मशीनवर होते, मॅडम यायच्या होत्या. रोहिणी काउंटरपलीकडे उभी होती, शेवटचे नमुने बघायला. मला वाक्य सुचत नव्हतं. इंग्रजीत नाही, मराठीत नाही. मी जुनी फाइल शोधली आणि तिच्या बाजूच्या स्क्रीनवर उघडली.

ती आधी हसायला लागली होती, मी काहीतरी गंमत दाखवते आहे असं समजून. मग थांबली. एकेक शब्द सुटा वाचत तिने 'अपघाती निधन' पर्यंत वाचलं.

"कवा?" तिने विचारलं. "कवा मेलो मी?"

"पोळ्याच्या आधी. मागच्या नाही, त्याच्या मागच्या."

"पोळ्याले तं मी फोन केल्ता घरी." ती स्क्रीनकडेच बघत होती. "दादानं उचलला. म्हणे, राँग नंबर."

मशीन फ्लेक्स ओकत होती. रोहिणीने हात पुढे करून स्क्रीनवरच्या आईच्या नावावर बोट ठेवलं, आणि तिचं बोट तिथेच राहिलं. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिला दिसली नाही.

"हार तुमी घातला?"

मी मान हलवली.

"दादा रडला काय?"

"बाहेर जाऊन उभा राहिला," मी म्हणाले. "परत आत आला नाही."

तिने डोळे मिटले. तेवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी स्क्रीन पाहिली, वाचली, पुन्हा वाचली. गजूभाऊंनी मशीन बंद केली. त्यांनी फोटो पाहिला, रोहिणीकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

मॅडम म्हणाल्या, स्टॉल रद्द करू. मग म्हणाल्या, नाही, आधी मी जाऊन भावाशी बोलते. रोहिणी म्हणाली, "कोणाशी बोलसान? फोन दादाच्या खिशात. मायले वाचता येत नाही, चिठ्ठी देल्ली तं तोच वाचून दाखवीन. अन् मी नुसती समोर उभी राह्यली तं ते मायले भूत वाटन." तिचा आवाज वर चढला. "फ्लेक्स लावून मारलं नं मले? मंग फ्लेक्स लावूनच सांगा, जित्ती हाय म्हून. या जिल्ह्यात बैलाचा फोटो लागते. माहा कायले नाही लागत?"

संस्थेचा नियम होता, बोधचिन्ह लावायचं, चेहरा नाही. तो नियम माणसांना जपण्यासाठी होता आणि मॅडमनीच केला होता. "तू म्हणतेस तर," त्या म्हणाल्या, "पण तिच्याजवळ आधी मी जाऊन बसेन. फ्लेक्स ती एकटी बघणार नाही."

आम्ही दुकानाच्या पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढला. मी मोबाइल धरला होता आणि माझ्या तोंडून कामाचाच प्रश्न निघाला, रोज विचारते तसा. "कान झाकायचा की दिसू द्यायचा?"

रोहिणीने केस मागे घेतले. "दिसू द्या. लहानपणी वासरानं माही बाळी ओढली होती. माय बाजूलेच होती, तिनंच फडकं बांधलं. मिशी नाही, नाव नाही, कपडे नाही. मायले वळखाले एवढंच उरलं."

तो कान मी दुसऱ्यांदा कापला. पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. मागे आकाशी आणि गुलाबी रांजण, पुढे रोहिणी, खाली तिचं नाव आणि 'पाणी प्या, बसा, बोला'. गजूभाऊ म्हणाले, "बारशाचंच दिसते अजून." रोहिणी म्हणाली, "असू द्या भाऊ. नाव तं ठेवाच लागते." मग सवयीने त्यांनी विचारलं, शुभेच्छुकात कोण? श्रद्धांजली सोडली तर आमच्या दुकानातून शुभेच्छुकाशिवाय फ्लेक्स बाहेर पडलेला मी पाहिलेला नाही. "माहं टाक व, कॉन्व्हेंट," गजूभाऊ म्हणाले. "जाहिरात होते फुकटात." फोटो टाकू का विचारलं तर म्हणाले, "टाक. पण ल्हान."

माझं काम दुकानातच संपतं. फ्लेक्स पुढे कुठे लागतो हे मी कधी बघायला जात नाही. केनवडला मात्र गेले. बाजार भरला होता, मिरच्यांचा ठसका, कपड्यांची पालं, भोंग्यावर चपलांचा भाव. आमच्या पालाच्या मागच्या बाजूला गजूभाऊंनी फ्लेक्स बांधला. रोहिणी रांजणाजवळ बसली. स्कार्फ नव्हता. काही पोरं उभी राहून बघून गेली, एक जण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. रोहिणीने त्यालाच पाण्याचा पेला पुढे केला. तो घेऊन प्यायला आणि गेला.

भाजीच्या रांगेत मॅडम एका बारक्या बाईसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि वांगी निवडण्याचं नाटक करत होत्या. मला ऐकू येत नव्हतं. एवढंच दिसलं की त्या बाईचा तराजूचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं, लुगड्याचा पदर खोचला आणि गर्दीतून सरळ आमच्याकडे आली. मॅडम मागून धावत.

ती आधी रोहिणीकडे गेली नाही. फ्लेक्ससमोर उभी राहिली. तिथल्या चेहऱ्याचे डोळे, ओठ, नाव यांच्याकडे तिने पाहिलंही नसावं. टाचा उचलून तिने छापलेल्या कानाला हात लावला. खाचेवरून बोट फिरवलं.

रोहिणीच्या हातातला पेला कलला होता आणि पाणी तिच्या ओढणीवर सांडत होतं.

"दहाव्याले कावळा शिवला नाही," ती बाई फ्लेक्सकडे बघतच म्हणाली. "समदे बसले होते. दुपार कलली. मंग तुह्या भावानं दर्भाचा कावळा केला अन् शिवोला." ती वळली. "तो कावळा म्या मानला नाही."

गजूभाऊंनी तोंड दुसरीकडे केलं.

तिने रोहिणीला पायांपासून वरपर्यंत पाहिलं, बांगड्या, ओढणी, ओठ. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी कितीही आठवलं तरी मला सांगता येत नाही. आनंद होता असं लिहिणं खोटं होईल. "हे काय घालून बसला?" ती म्हणाली.

"माय, मी असीच हाओ."

"असाच?"

"असीच."

पलीकडून गिऱ्हाईक ओरडलं, "ओ वांगेवाली, द्याचे का नाही?" ती हलली नाही. मग म्हणाली, "पाणी दे."

रोहिणीने ओगराळं बुडवलं. आई ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं आणि परत आपल्या वांग्यांकडे गेली. वळून पाहिलं नाही. दिवसभर तिने भाजी विकली, आणि दिवसभर रोहिणी तिच्याकडे पाहत राहिली. लांबूनच. पण आता दोघींना ठाऊक होतं.

बाजार उठताना भाऊ मोटारसायकल घेऊन आला. तोच पांढरा शर्ट. टोपल्या बांधून झाल्यावर आईने त्याला काहीतरी सांगितलं आणि तो गाडी ढकलत आमच्या पालापर्यंत आला, आई मागे. त्याने फ्लेक्स पाहिला. रोहिणी उभी राहिली होती, तिच्याकडे पाहायचं त्याला जमलं नाही. त्याचे डोळे फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले आणि त्याने मला ओळखलं. त्याचा चेहरा त्या दिवशी हार पाहिल्यावर झाला होता तसाच झाला.

"तुमीच बनोलं हे?"

मी गिऱ्हाइकांना उत्तरं देत नाही, स्क्रीन दाखवते. इथे स्क्रीन नव्हती.

"हो," मी म्हणाले. "दोन्ही मीच केले."

त्याने गाडी वळवली. आई गाडीवर बसली. निघायच्या आधी टोपलीतून सांबाराची एक जुडी काढून तिने रांजणाच्या झाकणीवर ठेवली, गिऱ्हाइकाला भाजीवर फुकट देतात तशी, आणि गाडी गेली. रोहिणीने ती जुडी नाकाला लावली.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. स्टॉल दर बाजाराला लागतो. काही वेळा आई पाणी प्यायला येते, काही वेळा येत नाही. भाऊ गाडी लांब उभी करतो.

दुकानात आल्यावर मी ती जुनी फाइल उघडली. गजूभाऊ म्हणाले, उडवून टाक. मला उडवता आली नाही, तो फोटो कुणाचा तरी होताच. मी नाव पुसलं, तारीख पुसली, शोकाकुल परिवार पुसला. मग हाराचा थर उचलून काढला. हाराखाली शर्टाची कॉलर होती, वरचं बटण उघडं, आणि मिशी फुटत असलेला तो चेहरा कॅमेऱ्याकडे बघून जरा हसत होता. हार असताना मला ते दिसलं नव्हतं. कानाला मी हात लावला नाही, फाइल तशीच ठेवली.